खिडकीकडची फांदी

सफरचंदाचं झाड कुरिअरनं येतं, हे मला माझ्या भावामुळे कळलं. लांबट खोका, आत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली हातभर काडी, मुळांना चिकटलेला भुसा. पान नाही, मातीचा कण नाही. वहिनीनं ती काडी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "मले तं हे दातून वाटून राह्यलं."

भावानं उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला समोर दहा माणसं आणि एक माइक असावा, अशी त्याला नोकरीतली सवय होती. वर्ग दोनचा अधिकारी म्हणून तो अकोल्यातच निवृत्त झाला होता. त्या खात्यात त्यानं इतकी वर्षं नेमकं काय केलं हे मला आजही सांगता येणार नाही. पण निवृत्तीनंतर त्याच्या दिवाणाचा पोटकप्पा सत्काराच्या शालींनी भरलेला होता. नारळ वेळच्या वेळी फोडून झाले, शाली तेवढ्या उरल्या.

रोप लावायचा कार्यक्रम रविवारी सकाळी झाला. मी अमरावतीहून आदल्या दिवशीच आले होते. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळातले सात-आठ निवृत्त लोक स्वेटर घालून मागच्या अंगणात उभे होते. हळदकुंकू, उदबत्ती, नवीन फावडं. फावड्याच्या दांड्याला झेंडूची माळ. भावानं कमी थंडीवर फळणाऱ्या जातींबद्दल बरंच सांगितलं. भिंतीपलीकडचे मास्तर हात पाठीमागे बांधून ऐकत होते. भाषण संपल्यावर त्यांनी विचारलं, "काहून हो साहेब, बर्फाचं काय करता?"

"हिला बर्फ लागत नाही. शास्त्र फार पुढे गेलं आहे, मास्तर."

"शास्त्र गेलं असन पुढं. आपल्या अकोल्याचं ऊन कुठं मांगं राह्यलं?"

सगळे हसले. भाऊही अधिकाऱ्यासारखा हसला, म्हणजे फक्त ओठांनी. मग त्यानं रोपाशेजारी पत्र्याची पाटी रोवली. पाटीवर झाडाचं नाव, त्याखाली 'वृक्षमित्र' लावून स्वतःचं नाव, आणि नावापुढे कंसात 'से.नि.'. पाटी झाडापेक्षा चांगली दोन वीत उंच होती.

अंगणात रोप लावायला याहून चांगल्या जागा होत्या. पूर्वेला भिंतीची सावली होती, नळही तिकडेच होता. पण भावानं निवडली ती पश्चिमेची जागा, जिथे दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत आग पडते. निवडण्याचं कारण एकच होतं. त्या जागेसमोर मागच्या खोलीची खिडकी होती, आणि खिडकीशी लावलेल्या खाटेवर आमचे बाबा पडून होते.

बाबा अकोटकडचे संत्रेवाले. बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडून मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून त्यांना अकोल्याला आणून ठेवलं होतं. वय पंच्याऐंशीच्या पुढे. पाय गेले, दात गेले, जीभ शाबूत होती. शनिवार-रविवार मी अमरावतीहून यायचे, म्हणजे वहिनीला दोन दिवस त्या खोलीत फारसं जावं लागायचं नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी धरली, लग्न केलं नाही, आणि बाबांकडे कधी काही मागितलं नाही. त्यामुळे त्यांना माझ्याबद्दल विशेष तक्रार नव्हती. आलेल्या-गेलेल्याला ते माझी ओळख करून द्यायचे: "हे माही पोरगी. काई मांगत नाही. पुस्तकं वाचते अन् सुकून राह्यते."

माझ्या भावानं मात्र त्यांच्याकडे जन्मभर एक गोष्ट मागितली. तोंडानं नव्हे, पण लहानपणापासून तो जे काही करत आला ते त्या एका गोष्टीसाठीच. बाबांनी त्याला एकदा 'बरं केलं' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

हे समजायला बाबांची बाग माहीत असायला हवी. अकोटकडच्या संत्रेवाल्यांचं बरंचसं शास्त्र 'ताण' या एका शब्दात मावतं. झाडाला सतत पाणी दिलं तर ते नुसतं पानांनी माजतं, असं तिकडे मानतात. म्हणून बहाराआधी पाणी तोडायचं. पानं मलूल होऊन वळायला लागेपर्यंत थांबायचं. मग एकदम पाणी सोडायचं, की जिवाच्या धास्तीनं झाड फुलांनी भरून जातं. ताणाच्या दिवसांत बाबा संध्याकाळी बागेतून फिरायचे, एखादं पान तोडून तळहातात चुरगळायचे आणि म्हणायचे, "अजून मस्ती हाये." म्हणजे पाणी अजून आठवडाभर बंद.

संत्र्यावर ही पद्धत उत्तम चालायची. तालुक्यात आमच्या बागेसारखा बहार कुणाचा नसे. अडचण एवढीच, की बाबांनी ती घरातही चालवली. आई त्यात लवकर संपली. तिच्यात मस्ती अशी कधी नव्हतीच, तरी तिचं पाणी तोडलं गेलं. मी पुस्तकांत शिरले. उरला भाऊ. तो मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झाला, तेव्हा धावत बागेत गेला होता. मी त्याच्या मागोमाग होते. बाबा जेवत होते. भाकरीवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "पयला कोन आला?" भावानं कुणा दुसऱ्या मुलाचं नाव सांगितलं. "मंग पेढे त्याच्या बापाले माग," बाबा म्हणाले आणि कांदा फोडला.

पुढे तो अधिकारी झाला, सरकारी जीप घेऊन गावात आला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते ड्रायव्हरजवळ गेले. "किती वर्सं झाले गाडी चालवून राह्यला?" त्यानं सांगितलं. "वा. अन् हा काय करते, मांगं बसून?"

तर तो सत्कार घेत गेला. ज्यानं शाल दिली त्याच्यापुढे वाकला. शेवटी त्या शालींनी दिवाण भरला आणि मागच्या खोलीत बाबा येऊन पडले, तेव्हा त्याला वाटलं असावं की हीच आता शेवटची संधी. बापाच्या डोळ्यांसमोर एक असं फळझाड उभं करायचं, जे बापालाही कधी लावता आलं नाही.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत त्या झाडाची जी सेवा झाली, तशी आमच्या घरात कुणा माणसाची झाली नाही. वर हिरवी जाळी, बुंध्याला चुना, आळ्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा. नळ चार-पाच दिवसांआड यायचा. टाकीतल्या पाण्याचा पहिला हक्क झाडाचा. "मले आंगोयीले एक बादली, अन् सफरचंदाले दोन," वहिनी मला म्हणायची. "पुढच्या जन्मी झाड होतो, बाई. पन याच्याच आंगनात होतो."

बाबा रोज सकाळी खिडकीतून विचारायचे, "मेलं काय?"

"नाही, बाबा. नवीन पालवी आहे."

"मरन."

एवढाच संवाद. पण भाऊ त्यासाठी रोज वेळेवर खिडकीपाशी यायचा, दाढी करून, स्वच्छ कपड्यांत. बापानं रोज सकाळी काहीतरी विचारावं, हेही त्याच्यासाठी नवीन होतं. बाबांना त्याची शुद्ध मराठी सहन होत नसे. "पालवी," ते त्याच्या मागे म्हणायचे. "पुन्याले जन्मला माह्या घरात."

तिसऱ्या हिवाळ्यात त्यानं झाडाची सगळी पानं हातानं ओरबाडून काढली. गरम हवेत सफरचंदाला आपोआप झोप लागत नाही, पानं काढून त्याला सक्तीनं झोपवावं लागतं, असं त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. झाड आता त्याच्या डोक्याच्याही वर गेलं होतं. तो स्टुलावर उभा राहून एकेक पान खुडत होता. वहिनी दारातून पाहत होती. "जित्या झाडाचे कपडे फेडून राह्यले," ती म्हणाली आणि आत गेली. बाबा मात्र कोपरावर उठून बसले. पहिल्यांदाच त्यांनी पूर्ण वेळ ते झाड पाहिलं.

"हे कोनं शिकवलं तुले?"

भाऊ स्टुलावरून खाली उतरला. "मोबाइलवर पाहिलं, बाबा."

"मंग मोबाइललेच बाप म्हन," बाबा म्हणाले आणि आडवे झाले. पण त्यांना ते आवडलं होतं. झाडाला असं उघडं करणं त्यांना समजत होतं.

फेब्रुवारीत झाड फुललं. मी ते पाहिलं आहे, आणि खोटं बोलायचं मला काही कारण नाही: अकोल्याच्या धुळीत, पत्र्याच्या पाटीशेजारी, ती गुलाबी-पांढरी फुलं अतिशय सुंदर दिसत होती. मास्तर भिंतीवरून बघून गेले आणि त्या दिवशी काही बोलले नाहीत. मार्चमध्ये बोराएवढी फळं धरली. दहा-बारा. भावानं प्रत्येक फळाचा रोज फोटो काढला.

आणि मग, अर्थातच, सोहळा ठरला. फळं पिकली की बाबांची खाट अंगणात आणायची, पहिलं सफरचंद बाबांच्या हातून तोडायचं, प्रमुख पाहुणे म्हणून कुणीतरी मोठं बोलवायचं. फ्लेक्स आधीच छापून आला. त्यावर एका बाजूला भाऊ हात जोडून, दुसऱ्या बाजूला बाबा. बाबांचा हसरा फोटो अस्तित्वातच नव्हता. म्हणून फ्लेक्सवाल्यानं संगणकावर त्यांचे ओठ ताणले होते. त्यामुळे ते कुणी परके गृहस्थ वाटत होते, नुकतीच कुणाची तरी फजिती पाहिलेले. तेवढं साम्य होतं.

एप्रिलच्या एका शनिवारी मी बाबांना वाटीत वरणभात कालवून भरवत होते. खिडकीच्या अर्ध्या भागात बाहेरून पत्र्याचा कूलर बसवला होता. उरलेल्या अर्ध्या भागात गज, आणि गजांपलीकडे झाड. भाऊ आळ्यात पाणी सोडत होता.

"पानी बंद कर," बाबा म्हणाले.

भावाला वाटलं, पाण्याच्या आवाजाचा त्यांना त्रास होतो. त्यानं नळी बाजूला केली.

"तसं नाय बे. इकडे ये." ते त्याला जवळ बोलावत होते. मी घास हातात धरून थांबले. भाऊ खिडकीशी आला, ओल्या हातांनी गज धरून उभा राहिला. "ह्या चार फळांचा काय सोहळा करून राह्यला तू? लोक हासतीन. हे फळं जाऊ दे. आता पानी तोड, चांगला ताण दे महिनाभर. अन् मिरगाले पानी सोड. मंग पाह्य. पानं दिसनार नाही, असा बहार येईन."

भाऊ त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याच्या वयाच्या माणसाच्या चेहऱ्यावर तसा भाव पाहायला कठीण जातो. "महिनाभर?" त्यानं विचारलं.

"पान चुरगळून पाह्यत जाय. मस्ती हाये तोवर देऊ नोको."

संध्याकाळी त्यानं रोपवाटिकेत फोन लावला. तिकडचा माणूस ओरडलाच: फळं झाडावर असताना, या उन्हात, पाणी एक दिवसही चुकवू नका. भावानं त्याचे आभार मानले. मग तो मला म्हणाला, "तुला काय वाटतं?"

"बाबा संत्र्याचं सांगताहेत," मी म्हटलं. "हे संत्रं नाही. आणि संत्र्यालाही फळ अंगावर असताना कुणी असं करत नाही."

"करतात. हलका बहार असेल तर करतात. बाबांनी केलेलं आहे."

"भाऊ, झाड मरेल."

त्यानं फोन खिशात ठेवला. मग हळूच म्हणाला, "त्यांनी मला आजवर कधी काही शिकवलं नाही. हे पहिल्यांदाच."

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. त्यांच्यात असल्या वाक्यांना उत्तरं नसतात.

दुसऱ्या दिवसापासून पाणी बंद. हिरवी जाळीही काढली, कुटार बाजूला केलं. मुळांवर ऊन पडलं पाहिजे, हेही बाबांनीच सांगितलं होतं. वहिनीला दोन बादल्या जास्त मिळायला लागल्या, पण तिनं त्या आनंदानं वापरल्या नाहीत. "लेकरावानी जपलं अन् आता," एवढंच ती म्हणाली आणि वाक्य सोडून दिलं.

मेच्या सुरुवातीला फळं गळायला लागली. दुपारी सगळं घर पडदे ओढून पडलेलं असायचं. अंगणात ते लहानसं 'टप्' ऐकू यायचं. बाबा झोपत नसत. "गेलं एक," ते मोठ्यानं म्हणायचे, पलीकडच्या खोलीत पडलेल्या भावाला ऐकू जाईल असं. थोड्या वेळानं: "हे अजून एक." त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. मॅचचा स्कोअर सांगावा तसं ते सांगत. पलीकडून कूस बदलल्याचा आवाज यायचा. संध्याकाळी भाऊ आळ्यापाशी जायचा, एक पान तोडायचा, तळहातात चुरगळायचा.

"काय म्हनते?" खिडकीतून प्रश्न यायचा.

"कुरकुरीत झालं आहे, बाबा."

"अजून थांब."

सोहळा पुढे ढकलला आहे, असं भावानं मंडळाला कळवलं. मास्तरांनी भिंतीवरून विचारलं, "साहेब, तारीख पुढं गेली का झाडच पुढं गेलं?" फ्लेक्स वाया जाऊ नये म्हणून वहिनीनं तो गच्चीवर उलटा अंथरला आणि त्यावर कुरडया वाळत घातल्या. बापलेक दोघंही पालथे पडून तापलेल्या गच्चीवर कुरडया झेलत होते.

मेच्या मध्यावर झाड जवळजवळ गेलं. अंगणाकडची सगळी बाजू तपकिरी, पानं हात लावला की चुरा. पण खिडकीकडची एक फांदी हिरवी होती, अगदी तुकतुकीत. मला त्याचं नवल वाटलं, पण विचारलं कुणाला नाही. ती फांदी कूलरच्या मागे, भिंतीच्या आणि पत्र्याच्या मधल्या फटीत शिरली होती. अंगणातून ती नीट दिसतही नसे. दिसायची ती फक्त खाटेवरून.

त्या शनिवारी दुपारी मी पोचले तेव्हा घर झोपलं होतं. वहिनीनं डोळे चोळत दार उघडलं, मला माठातलं पाणी दिलं आणि पुन्हा जाऊन पडली. मी मागच्या खोलीत गेले. बाबा उशीला टेकून बसले होते. मांडीवर काठी आडवी, काठीच्या वाकड्या मुठीत हिरवं पान अडकलेलं. एका हातात अर्धं संपलेलं सफरचंद होतं, दुसऱ्या हातात औषधाचा चमचा. दात नसलेली माणसं जसं खातात तसं ते चमच्यानं गर खरवडून खात होते. हनुवटीवर रस होता.

मी दारातच उभी राहिले.

"दार लोट," ते म्हणाले.

मी दार लावलं. काठीनं फांदी आत ओढून त्यांनी फळ तोडलं होतं, हे उघड होतं. कूलरमागे ते किती दिवस लपून वाढत होतं कोण जाणे. बाबांना ते रोज दिसत होतं. बाकीची गळताना ते मोजत होते, आणि याच्यावर नजर ठेवून होते.

"घे, चाख." त्यांनी चमचा माझ्यापुढे धरला.

मी चाखलं. उन्हानं कोमट झालं होतं. किंचित आंबट, आणि मग गोड. बाजारातल्या सफरचंदासारखं पिठूळ नाही, रसाळ. खरोखर चांगलं होतं.

"गोड हाये ना?" बाबा म्हणाले.

"हो."

"संत्र्यापरीस बरं हाये." ते पुन्हा खरवडायला लागले. साल कागदासारखी पातळ होईपर्यंत त्यांनी ते फळ सोडलं नाही. "इतक्या वर्सांत असं खाल्लं नाही. झाड लागलं त्याच्या हाताले. बरं केलं त्यानं."

मला आधी कळलंच नाही, ते काय बोलून गेले ते. मग मी म्हटलं, "बाबा, हे त्याला सांगा."

"कोनाले?"

"भाऊला. त्याला बोलावते. आत्ता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारपणानं डोळे निवळतात म्हणतात. त्यांचे निवळले नव्हते. "त्याले सांगू नोको," ते म्हणाले.

"का?"

"मस्ती येईन."

साल आणि मधला भाग त्यांनी थुंकायच्या भांड्यात टाकला आणि वर थुंकले.

मी अर्थातच सांगितलं. चहाच्या वेळी, स्वयंपाकघरात. खिडकीकडच्या फांदीला फळ होतं, बाबांनी खाल्लं, गोड आहे म्हणाले, आणि म्हणाले, बरं केलं त्यानं. भावानं कप खाली ठेवला. मला वाटलं तो रडेल. तो उठला आणि मागच्या खोलीकडे चालायला लागला. मी आणि वहिनी त्याच्या मागे गेलो.

"बाबा," तो खाटेशी उभा राहून म्हणाला, आणि त्याची सगळी सरकारी मराठी गळून पडली. "बाबा, तुमी सफरचंद खाल्लं का?"

"कोन्तं सफरचंद?"

"आपल्या झाडाचं. फांदीले होतं ना एक. हे सांगून राह्यली."

बाबांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे. "तुह्या झाडाले कदी सफरचंद लागलं बे?"

"बाबा, मी इथेच उभी होते," मी म्हटलं.

"हिचं डोकं पुस्तकानं गेलं," बाबा भावाला म्हणाले, अगदी विश्वासात घेऊन. "एकटं राह्यलं का असं होते."

मी थुंकायचं भांडं उचललं. ते स्वच्छ होतं. वहिनीनं चहा टाकायच्या आधी ते धुवून ठेवलं होतं. "मी काई पाह्यलं नाही, बाई," ती म्हणाली. "डोळे मिटून धुतो मी थे."

भाऊ अंगणात गेला. कूलरच्या मागे हात घालून त्यानं ती फांदी बाहेर ओढली आणि संध्याकाळच्या उजेडात न्याहाळली. देठ तुटल्याची खूण ताजी होती, अजून ओली. खिडकीतून मला त्याचा अंगठा त्या खुणेवर ठेवलेला दिसत होता. म्हणजे त्याला कळलं होतं. मी खोटं बोलत नाही, हेही कळलं, आणि बाबा बोलत आहेत हेही.

"थे फांदी काहून हिरवी हाये, मालूम हाये का तुले?" बाबांनी आतून विचारलं.

भावानं वर पाहिलं.

"खाली पाह्य. कूलर गळून राह्यला. तिकडच्या मुळ्याले रोज पानी भेटून राह्यलं. ताण पुरा बसलाच नाही." ते थांबले. "अर्धं काम. नेहमीचंच तुह्यं."

खरंच, कूलरच्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी पडत होतं. खाली जमीन काळी, ओली होती. बाबांना थंड वारा देणारं यंत्र त्यांच्या नकळत, किंवा त्यांना माहीत असूनही, महिनाभर त्या झाडाला जगवत होतं.

"उद्याच नीट करतो, बाबा," भाऊ म्हणाला.

रविवारी मेकॅनिक आला. त्यानं कूलर रिकामा केला, गंजलेल्या कोपऱ्यावर एम-सील दाबलं, वरून डांबर लावलं. मी भावाला बाजूला घेतलं. "तेवढी एकच फांदी जिवंत आहे," मी म्हटलं. "आणि फळ तिनंच दिलं. तू स्वतः पाहिलंस."

"पाह्यलं ना."

"मग?"

"त्यानले समजते, काय कराचं थे." इतक्या वर्षांत तो माझ्याशी असा कधी बोलला नव्हता, बाबांच्या बोलीत. "मिरगाले पाह्यजो तू."

गळती थांबली. मेकॅनिकनं काम चांगलं केलं होतं. बाबांनी त्याला दोनदा शाबासकी दिली.

पुढच्या शनिवारी मी गेले, तेव्हा फांदीची पानं कडांनी वळली होती. त्याच्या पुढच्या शनिवारी ती अंगणाकडच्या बाजूसारखीच झाली होती. पाऊस यायला अजून वेळ होता. त्यानंतर ग्रंथालयात साठ्याची तपासणी निघाली, आणि माझं जाणं काही दिवस चुकलं. मला ते चुकल्याचं वाईट वाटलं नाही.

मृग लागला त्या संध्याकाळी भावाचा फोन आला. अमरावतीतही ढग आले होते, पण पाऊस नव्हता. त्याचा आवाज इतका मोकळा होता, की मी आधी घाबरले. वाटलं, बाबा गेले.

"झाड काढून टाकलं," तो म्हणाला. "मुळासकट. सकाळीच. पाटीही काढली. खड्डा बुजवून जमीन सपाट केली. बाबांच्या डोळ्यांसमोर केलं सगळं."

"मेलं होतं?"

"हो, मेलंच होतं. पण ऐक ना. मी फावडं ठेवलं, आणि बाबा खिडकीतून बघत होते. आणि म्हणाले," इथे तो थांबला, त्याला ते शब्द नीट, जसेच्या तसे द्यायचे होते, "म्हणाले, 'बरं केलं. वारा अडवून राह्यलं होतं.'"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"'बरं केलं' म्हणाले," भाऊ पुन्हा म्हणाला. "तुला खरं वाटत नसेल तर वहिनीला विचार. ती तिथेच उभी होती."